फोडणीविना डोहाळजेवण

डोहाळजेवणाच्या दिवशी आमच्या घरात चूल पेटलीच नाही. नुसत्या फोडणीच्या वासानेही सूनबाईला भडभडून यायचं. पाण्याचा घोटसुद्धा पोटात ठरेना, म्हणून तिला दोनदा दवाखान्यात ठेवून सलाईन लावलं होतं.

पानात काकडी आणि दहीपोहे बघून वन्संनी नाक मुरडलं. "वहिनी, गावच्या लग्नांतला मसालेभात तुझ्या हातचा, आणि सुनेच्या कार्याला हे गारढोण? ओकाऱ्या काय आम्हाला झाल्या नव्हत्या?"

"झाल्या असतील. अशा नाही."

फुलांचे दागिने घालून सूनबाई चौरंगावर बसली होती. मनगटावर सुयांचे काळेनिळे डाग, पण मान ताठ. तिच्यापुढच्या चांदीच्या ताटात मी दहीपोह्यांचा एकच घास ठेवला. तिने तो तोंडात घातला आणि गाणं म्हणणाऱ्या बायका मागे सरकल्या. वन्संनीच धावत जाऊन बादली आणली.

तिने ती हातानेच बाजूला सारली. घास गिळला. थोडा वेळ डोळे मिटून बसली आणि मग रिकामं ताट माझ्यापुढे धरलं.

"आई, अजून वाढा."

"ऐकलंत, वन्सं?" मी पदर खोचत म्हणाले. "माझी सून वाढायला सांगतेय!"