तोंडभरून शिफारस

दुष्काळाच्या साली चेअरमन माणिकरावांनी आपल्या शाळेतले मास्तर सोसायटीच्या चारा छावणीवर जुंपले. बाकीच्यांना जनावरं मोजायला बसवलं आणि भीमनगरातल्या शहादेवला शेण उचलायला लावलं. तोच शहादेव आता मस्कतच्या शाळेत उपप्राचार्य आहे. यंदा माणिकरावांचा मुलगा तिथंच शिक्षक म्हणून रुजू झाला. “तुमच्याच बीडचा दिसतो. कसा आहे?” प्राचार्यांनी विचारलं. “काटक घराणं. उन्हाला भिणार नाही,” शहादेवने तोंडभरून सांगितलं. वाळवंटातल्या शाखेत कुणी महिनाभर टिकत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. प्राचार्यांनी दोन वर्षांच्या करारावर सही घेऊन त्याला तिकडं शाखाप्रमुख केलं. गावाकडून माणिकरावांचा फोन आला. “शहादेवसर, लई उपकार झाले. तुमी शब्द टाकला म्हनून पोरगं गेल्या गेल्या साहेब झालं.” वडीलधाऱ्यांना मध्येच तोडणं बरं दिसत नाही, म्हणून शहादेवने पोटभर आभार मानू दिले.