पलीकडचा किनारा

ट्युनिशियातल्या केलिबिया गावच्या लघुउद्योग केंद्राने हात दिला, त्याआधी मन्नूबिया मिरचीचा हरिसा घरी वाटून शेजारपाजारी विकायची. केंद्रातल्या नौफलने तिला बाटल्या उकळून घ्यायला शिकवलं, माल तपासून घेतला, लेबल छापून दिलं. आज तिची पहिली खोकी ट्युनिसच्या बंदरातून बोटीने सिसिलीला जायची होती.

"काय गं मालकीणबाई," केंद्रात नव्याने आलेली साल्हा खोक्याला चिकटपट्टी लावत म्हणाली, "माल परदेशात चालला नि तोंड असं का? मिठाई राहू दे, जरा हस तरी!"

मन्नूबिया हसली नाही. तिने नौफलला विचारलं, "पलीकडे पोचतात का सगळी?"

"न पोचायला काय झालं, खाला?" नौफल म्हणाला. "प्रत्येक खोक्याला नंबर आहे. कुठवर गेलं ते फोनवर दिसतं. एक जरी हरवलं ना, तर दोन्ही देशांतली माणसं शोधायला लागतात."

"एक हरवलं तरी?"

"एक हरवलं तरी!"

तिने पुढचं खोकं उचलून गाडीत ठेवलं.

 

तीन वर्षांपूर्वी तिचा मुलगा रमझी ह्याच गावच्या किनाऱ्यावरून होडीत बसून सिसिलीला निघाला होता. तो पोचल्याचं कुणी कळवलं नाही, आणि त्याला शोधायलाही कुणी गेलं नाही.