हिरामणला काहीच त्रास नाही

"तसं काय बी नाय," हिरामणने याही प्रश्नाला तेच सांगितलं, आणि आत त्याच्या बायकोने, गोजराने, पातेलं आपटलं.

हा प्रश्न झोपेचा होता. त्याआधी स्वप्नांचा झाला होता, दचकण्याचा झाला होता. मदत संस्थेकडून वस्तीच्या पाहणीला आलेल्या मालतीबाईंनी निमूटपणे 'अजिबात नाही'वर खूण केली. मनावरचा धक्का मोजायची ही प्रश्नावली परदेशात तयार झालेली. कुठकुठल्या देशांतल्या निर्वासितांवर ती आजमावली होती आणि सगळीकडे बिनचूक ठरली होती, असं संस्थेतले सर सांगत. तुर्भ्यात मात्र तिची डाळ शिजेना. गेल्या साली मराठवाड्यातल्या दंगलीत घरं जळाली म्हणून ही माणसं इथे येऊन राहिली होती, आणि प्रश्नावलीच्या मते झाडून सगळी ठणठणीत होती.

गोजराचा जीव टांगणीला लागला होता. हिरामण कारखान्यात पत्रा कापायच्या यंत्रावर होता, आणि हल्ली त्याला तिथे उभ्या उभ्या डुलकी लागत होती. यंत्र काही त्याची डुलकी संपायची वाट बघणार नव्हतं. वस्तीत त्रास आहे असं दिसलं, तर संस्था दर आठवड्याला डॉक्टर पाठवणार होती. नाही दिसलं, तर डॉक्टर दुसऱ्या वस्तीत जाणार. आणि नवरा पाहुण्या बाईसमोर छाती पुढे काढून बसला होता.

तसा त्याचाही दोष नव्हता. आपलं दुखणं आपल्या तोंडाने परक्याला सांगायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. गावाकडे कुणी आजारी पडलं, तर वैद्यापुढे शेजारी बोलायचा आणि आजारी माणूस नुसता बसून राहायचा. हे मालतीबाईंना कोण सांगणार?

शेजारच्या खोलीतला धर्मराज इतका वेळ उंबऱ्यावर चुळबुळत होता. सकाळी त्याची स्वतःची प्रश्नावली भरून झाली होती, अर्थातच ठणठणीत. आता मात्र त्याला राहवेना. हिरामण रात्र रात्र दारात काठी घेऊन बसतो, रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला की ताडकन उठतो, पहाटे कुठे त्याची पापणी मिटते, असं त्याने रीतीप्रमाणे सगळं सांगून टाकलं. आतला पातेल्यांचा आवाज थांबला.

मालतीबाईंचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. उत्तर ज्याचं त्यानेच द्यायचं, असा नियम होता. शेजाऱ्याची साक्ष सर केराच्या टोपलीत टाकणार. तरी त्यांनी विचारलं, "पण रात्रभराचं तुम्हाला कसं ठाऊक?"

"म्या बी तितंच असतो की," धर्मराज म्हणाला. "ह्येला एकल्याला भ्या वाटंल म्हून बसतो. मला सोताला काय नाय."

इतका वेळ दगड झालेला हिरामण ताठ झाला. "मला भ्या? आरं, तुजा डोळा लागंना म्हून म्या बसतो तुज्यासंगं. नायतर म्या कवाच झोपलो असतो."

दोघे हमरीतुमरीवर आले. कोण कुणासाठी जागतो यावरून जुंपलेलं भांडण मालतीबाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्यांना हसू आलं आणि पाठोपाठ भरूनही आलं. जागतो, एवढं तर दोघांनी आपापल्या तोंडाने कबूल केलं होतं. त्यांनी दोघांच्याही नावापुढे 'फार'वर खूण केली. पण डॉक्टर यायला दोघे पुरणार नव्हते, आणि बाकीच्या वस्तीचं काय करावं हे त्यांना कळेना.

गोजरा पदराला हात पुसत बाहेर आली.

"बाई," ती म्हणाली, "डाक्टरला रातच्यालाच धाडा. ह्या दोगांस्नी सोबत म्हून आमी समदी गल्ली भाईरच असतो."