पाच-दहा ते पाच-पन्नास

"मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून त्याच्या नावावर खपवलंत हे," जनार्दन म्हणाला.

आकांक्षाने वाचायचं थांबवलं. सैन्यातल्या सिग्नलवाल्यांचा इतिहास छापायला जाणार होता. शहिदाच्या घरी जायचं, मजकूर वाचून दाखवायचा, संमतीची सही घ्यायची, एवढंच तिचं काम. समा भागातल्या या फ्लॅटमध्ये शहिदाच्या बायकोने, नीराने, तिला चहा दिला होता, आणि नवऱ्याच्या तुकडीतला माणूस म्हणून जनार्दनला गावातल्या वाडी भागातून बोलावून घेतलं होतं.

मजकूर चार ओळींचा. लाइनमन विश्वास शितोळे तुटलेली तार जोडायला गेला. तार जोडली गेली नाही. माघारीचा हुकूम चौकीपर्यंत पोचला नाही. नऊ जवान गेले.

चार ओळींत नऊ माणसं एकाच्या गळ्यात बांधली होती.

"अंकल, रेकॉर्डमध्ये जे छे तेच लिहिलंय ने," आकांक्षा तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली.

"त्या दिवशीची मूळ वही मी लिहिली होती. टेलिफोन एक्स्चेंजवर मी होतो."

नीराकडे न बघता तो बोलत राहिला. "लाइनमन तार जोडतो, तिथेच आपला फोन लावतो आणि एक्स्चेंजला विचारतो, येतंय का ऐकू. उत्तर मिळाल्याशिवाय जागचा हलत नाही. विश्वासने विचारलं. पाच वाजून दहा मिनिटं. मी म्हटलं, स्वच्छ येतंय, फिर मागे. वेळ लिहिली, सही केली. मागे फिरताना तो मारला गेला. पाच-पन्नासला तार परत तुटली. मधे चाळीस मिनिटं चालू होती. चौकीवाले विचारत होते, निघू का. मी वर हेडक्वार्टरला जोडून देत होतो. दर वेळी वरून एकच, थांबा."

"ती वही कुठे आहे?" आकांक्षाने विचारलं.

"जाळली. मुदत संपली की जाळायचीच असते."

आकांक्षाने पेनाला टोपण लावलं.

"सव्वीस वर्षं दर दिवाळीला येता, भाऊजी," नीरा म्हणाली. "डबा भरून चिवडा नेता. आणि हे सांगायला तुम्हाला आज सवड झाली."

"एक्स्चेंजवर कानावर पडलेलं बाहेर काढायचं नसतं, वहिनी. पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"त्या चौकीतला एक मुलगा इथल्याच सावली गावचा होता. त्याची आई या दारात येऊन म्हणाली, तुझ्या नवऱ्याने तार जोडली असती तर माझा वाचला असता. मी तिचे पाय धरले, भाऊजी. माफी मागितली. ती तशीच गेली, आणि पुढच्या वर्षी वारली."



नीराने आकांक्षाच्या हातून पेन घेतलं. संमतीच्या जागी लिहिलं, 'तार पाच-दहाला जोडली', आणि कागद जनार्दनपुढे सरकवला. त्याने सही केली. खाली हुद्दा आणि नंबर घातला. अक्षर वाचता येत होतं.

"नीराबेन, असं नाही चालणार," आकांक्षा म्हणाली. "साहेब मलाच विचारतील."

"विचारू देत ना. तू उलट त्यांना विचार. त्या चाळीस मिनिटांत वरच्या टोकाला फोन घेऊन कोण बसलं होतं? मला त्याचं नाव लेखी पाहिजे."