पारसभाऊंची अस्सल तलवार

धुळ्याच्या पारसभाऊंना जुन्या जपानी आखूड तलवारी जमवायचं भारी वेड. नवी तलवार आणली तेव्हा मित्र हसले, "ही तर ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून ठोकलेली दिसते!" ते इतकं मनाला लागलं की पारख करायला भाऊंनी थेट पुण्याहून एक जाणकार बाई बोलावल्या. जैनांच्या घरात हत्यार नको म्हणून दादी पानबाई अडून बसल्या होत्या. "दादी, ही नुसती शोभेची. हिनं कधी मुंगीसुद्धा मारलेली नाही," असं सांगून भाऊंनी त्यांना कसंबसं राजी केलं होतं.

बाईंनी खुंटी काढून मूठ उतरवली आणि आतल्या पोलादावरची अक्षरं भिंगाखाली धरली. पारसभाऊंनी श्वास रोखला. माळ जपता जपता दादीही वाकून बघू लागल्या.

"अभिनंदन! साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. अगदी अस्सल," बाई म्हणाल्या.

पारसभाऊंचे डोळेच भरून आले.

"आणि खरी गंमत तर पुढंच आहे," बाई आता रंगात आल्या. "त्या काळी तलवारीची धार तपासून बघत आणि निकाल इथंच कोरून ठेवत. हिच्यावर लिहिलंय, एका घावात दोन माणसं कापली."

दादींची माळ थांबली. त्यांनी सावकाश मान वळवून नातवाकडे पाहिलं.



पारसभाऊंनी बाईंसमोर हात जोडले, "मॅडम, जरा नीट बघा ना... नकलीच असेल हो!"