दहा जणींची नीतिमत्ता

प्रश्न विसावा, शेवटचा. एखाद्या मुलाला शिक्षा म्हणून खुर्चीत बांधून ठेवलेलं तुम्हाला दिसलं. तुम्ही काय कराल?

ओपलने तिसऱ्या पर्यायावर बोट टेकवलं. त्याच दिवशी, स्वतः, परवाना कार्यालयाला फोन. उत्तर हिरवं झालं. कोरीनला शंभरपैकी शंभर.

शिक्षिका कोरीन तेव्हा पलीकडच्या स्वयंपाकघरात मुलांच्या जेवणातले उरलेले तळलेले बटाटे केचपात बुडवून खात होती.

नीतिमत्तेचा हा अभ्यासक्रम पाळणाघरात काम करणाऱ्या सगळ्यांना यंदापासून सक्तीचा झाला होता. सोमवारी राज्याच्या राजधानीतून, कोलंबसहून, तपासनीस येणार होते. भिंतीवर शिक्षिकांची प्रमाणपत्रं दिसली नाहीत तर पाळणाघराला दर्जाचे म्हणून मिळालेल्या चार ताऱ्यांतला एक जाणार. आणि अभ्यासक्रम रचणारा माणूस पक्का निघाला. पडद्यावरच्या बाईचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत 'पुढे'चं बटण उजळायचंच नाही. पुरते दोन तास. एवढा वेळ नीतिमत्तेला कोण देणार? संचालिका व्हर्नाने तोड काढली. दुपारी मुलं झोपली की ओपल बसूनच असते. ती मदतनीस, साठीची, शाळेपुढे न शिकलेली. व्हर्नाने टॅबलेट तिच्या हातात दिला. सोबत एका कागदावर, तिचा स्वतःचा धरून, दहा जणींचे पासवर्ड. रोज एकीचा उरकायचा.

"मिस ओपल, आमची नीतिमत्ता तुझ्या हवाली हं," कोरीन म्हणाली होती. "बघ, सांडशील."

"बरंय की, तेवढंच वाचन होईल तिचं," दुसरी म्हणाली. "एरवी डायपरच्या पुड्यावरचं वाचते बिचारी."

सगळ्या खिदळल्या. मुलांना 'कुणाला हसू नये' हे गाणं शिकवणाऱ्या याच.

दुसरी कुणी असती तर आवाज बंद करून विणत बसली असती. ओपलने आवाज बारीक ठेवला. त्या बाईच्या संथ बोलण्यावर मुलं छान झोपायची. पाळणाघरात तो अभ्यासक्रम मन लावून ऐकणारी ओपल आणि पेंगणारी बारा पोरं, एवढाच श्रोतृवर्ग.

पहिला दिवस व्हर्नाच्या नावाचा. विसाव्या प्रश्नाला ओपलने पहिला पर्याय निवडला. 'संचालिकेला सांगेन.' लाल फुली आली. वरिष्ठांना सांगितलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, असं ती बाई म्हणाली. रागावून नव्हे, साधंच. ओपल फुलीकडे बघत राहिली. मार्चमध्ये एका मुलाच्या दंडावर बोटांचे वळ होते. तेव्हा तिने व्हर्नाला सांगितलं होतं. आणि 'मूल घसरगुंडीवरून पडलं' असं लिहून व्हर्नाने पुढे केलेल्या कागदावर सहीही केली होती.

"पंच्याण्णव?" व्हर्ना संध्याकाळी म्हणाली. "माझे पाच मार्क कुठे घालवलेस गं?"

आज दहावा दिवस. एक वाजता ओपल झोपेच्या पाळीला खोलीत आली, तर जूनी जेवणाच्या खुर्चीत होती. अडीच वर्षांची पोर. पट्टा आवळलेला, तोंड भिंतीकडे. अकराला ती कुणाला तरी चावली होती. तेव्हापासून कोरीनने तिला तिथेच बांधून ठेवलेलं. मान एका बाजूला लोंबत होती, चड्डी ओली होती, आणि ती झोपून गेली होती. ओपलने तिला सोडवलं, पुसलं, कोरडं केलं. दोन्ही मांड्यांवर पट्ट्याचे लाल वण होते. आता जूनी तिच्या मांडीवर तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि तिच्या डोक्यावर टॅबलेट धरून ओपल कोरीनला पास करत होती.

व्हर्ना चवड्यांवर चालत आली. हातात कागद. त्यावर लिहिलं होतं, 'मुलगी स्वतःहून खुर्चीत बसून राहिली.'

"खाली साक्षीदार म्हणून सही कर. पाचला आई येईल तिची."

"ती स्वतःहून नव्हती बसली."

"अडीच वर्षांच्या पोरीचं स्वतःहून काय आणि दुसऱ्याहून काय. कर सही."

"नाही. मी फोन करणार आहे."

व्हर्नाला खरंच हसू आलं. "तू? आणि त्यांनी विचारलं की या दहा परीक्षा कुणी दिल्या, तर? फसवणूक म्हणतात त्याला. आधी तू जाशील, मग आम्ही. या वयात तुला पोरांची नाकं पुसायलासुद्धा कुणी ठेवणार नाही."

"ठेवणार नाही," ओपल म्हणाली. "ते खरंय."

तिने जूनीला खांद्यावर घेतलं, उठली आणि भिंतीवरचा फोन उचलला. नंबर शोधावा लागला नाही. ती बाई शेवटच्या पानावर तो दोनदा सांगायची. दहा दिवसांत वीस वेळा झाला होता.

"ओपल. अगं, मिस ओपल. बसून बोलू ना," व्हर्ना म्हणाली.

पलीकडच्या माणसाचा आवाज कंटाळलेला होता. ओपलने पाळणाघराचं नाव सांगितलं. अकरा ते एक, पट्टा, दोन वण, कोरीन. मग मार्चचा कागद, आणि त्यावरची आपली सही. तो टाइप करत राहिला. शेवटी छापील फॉर्म वाचावा तसं त्याने विचारलं, "नीतिमत्तेचं सक्तीचं प्रशिक्षण तुम्ही घेतलंय का?"

व्हर्ना समोर उभी राहून जोरजोरात मान हलवत होती. हो म्हण, हो म्हण.

"दहा वेळा घेतलंय," ओपल म्हणाली. "माझ्या नावावर एकदाही नाही."