मोडकी करंगळी

"हात लावू नका, बाबामियाँ. आधी मला नीट बघू द्या," सावनी म्हणाली.

बाबामियाँनी हात मागे घेतला, पण नजर काही हटेना. मस्कतजवळ, बरकाच्या किनाऱ्यालगतच्या शेतातल्या पंपघरात, पोत्यावर तो पडला होता. मनगटापासूनचा धातूचा हात, बोटं सरळ उभी. अंगावर हिरवी पुटं. मनगटात काठी बसवायला भोक, आणि करंगळीचं टोक मोडलेलं.

बांधासाठी वाळू उकरताना तो ओवेसच्या जेसीबीत आला होता. ओवेस बाबामियाँचा भाचा. बाबामियाँ शेताचे जुने मुकादम; भाच्यालाही त्यांनीच इथं चिकटवलेलं. शेताचा अर्बाब, म्हणजे अरब मालक, सरळ माणूस. जुन्या वस्तूंची जाणकार म्हणून त्यानं मस्कतहून सावनीला बोलावलं आणि एका वाक्यात निकाल लावला: परकी, पुरातन वस्तू असेल तर सरकारला कळवायचं, बाबामियाँच्या गावची असेल तर बाबामियाँनी न्यायची. सावनी म्हणेल ते. खलास.

"आमचाच आहे, मॅडम," बाबामियाँ म्हणाले. "मोहरमचा पंजा. माझा आजा गलबत घेऊन इकडं यायचा. इथंच कुठंतरी ते फुटलं नि आजा बुडाला. त्याच साली दर्ग्यातला पंजा नाहीसा झाला. गाव म्हणालं, वादळाच्या भीतीनं यानंच नेला. तवापासून आमचं घर म्हणजे पंजेचोरांचं घर. मोहरमात अख्खं गाव पंज्याच्या काठीला हात लावतं, हिंदू लोकंसुद्धा नवस फेडतात. आमी लांब उभं राहायचं. माझ्या बापानं जन्मात काठी धरली नाय."

सावनीनं भिंग बाजूला ठेवलं. ती पुण्याची, पंजे, सवाऱ्या तिनं पाहिल्या होत्या. पण तिच्या मनात भलतंच घोळत होतं.

"मला काय वाटतंय सांगू? रोमन फौजेच्या काठीवर गरुड असायचा, आणि काही तुकड्यांच्या काठीवर असाच उघडा हात. सणाला त्याला तेल लावायचे, हार घालायचे. इराणच्या पार्थियन राजानं त्यांचा धुव्वा उडवून ती निशाणं पळवली. त्याहून मोठी बेअब्रू नव्हती त्यांना. काही निशाणं पुढे परत मिळाली. बाकीची कुठे गेली, देव जाणे."

"म्हंजे आमच्यासारखीच गत," बाबामियाँ म्हणाले.

सावनीला हसू आलं नाही. असं काही हाती लागावं म्हणून ती उभं आयुष्य उन्हात माती चाळत आली होती. पण समोरचा म्हातारा तिच्या तोंडाकडं आशेनं बघत होता.

"घरी सांगितलंय का, काय सापडलं ते?"

"नाय. खोटं ठरलं तर अम्मा जाईल माझी."

"मग लावा फोन. स्पीकरवर. मी विचारते, तुम्ही चूप."

बाबामियाँच्या अम्मा, साबेराबी, नव्वदीच्या होत्या, पण आवाज खणखणीत. गावचा जुना पंजा कसा होता, या प्रश्नावर त्या आधी चिडल्या.

"मी कशाला बघायला जाते? माज्या सासूनं सांगितलेलं. पितळी होता. पोरंटोरंसुद्धा नाचवायची, इतका हलका."

"काही खूण?"

"करंगळी मोडकी. मिरवणुकीत पडलेला म्हणं एकदा."

बाबामियाँनी फोन दोन्ही हातांत धरला.

"अम्मा, गावला! आज्याचा पंजा गावला!"

पलीकडून रडणंच ऐकू आलं.

सावनीनं डोळे पुसले, स्वतःवरच चिडली आणि म्हणाली, "न्या तुमचा पंजा. माझीच अक्कल चरायला गेली होती."

पंजा असा मळका गावात न्यायचा नसतो. चिंच नि वाळू लावून लख्ख करायचा, लोबानाचा धूर द्यायचा, मगच फडक्यात गुंडाळायचा. बाबामियाँनी बाही सावरून बादली पुढं ओढली.

"एकदा पुटं गेली की मागचं काहीच वाचता येणार नाही हं," सावनी सवयीनं बोलून गेली.

"वाचायला तो काय पेपर आहे, मॅडम?"

आता तीही हसली, आणि अर्बाबला निकाल सांगायला गेली.

मामा-भाचे दुपारभर घासत बसले. हिरवं पाणी वाहू लागलं.

"मामू, जड किती आहे हा! नानी तर हलका म्हणाली."

"समुद्राचं मीठ प्यायलाय. घास."

"मनगटावर कायतरी खरवडलंय. अक्षरांसारखं."

"खडकावर आपटला असंल. ते आधी काढ. चरे पडलेला पंजा गावात न्यायचा का?"

ओवेसनं वाळूची मूठ घेतली. खरवडलेलं सगळं गुळगुळीत झालं. हात सोन्यासारखा पिवळा झाला. बाबामियाँनी तो कपाळाला लावला आणि लहान पोरासारखे रडले.

तेवढ्यात ओवेसचा फोन वाजला. त्याची आई, बाबामियाँची बहीण रईसा. व्हिडिओ कॉल. मागं माणसांचा गलका.

"भाई! अम्मानं सांगितलं तसं सगळं गाव दर्ग्यात धावलं. तुज्या पंज्याला जागा नको का? म्हणून भिंतीतला जुना, बुजवलेला कोनाडा फोडला. बघ, बघ आत काय निघालं!"

तिनं फोन फिरवला. विटांच्या चुऱ्यात पातळ पितळी पत्र्याचा पंजा उभा होता. करंगळी मोडकी.

"आजा चोर नव्हता, भाई," रईसा हुंदके देत म्हणाली. "पंजा इथंच होता."